पोळीत केस निघाला, आणि तो माझाच होता

लाटणंवाली, डोंबिवली

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझं डोंबिवली पूर्वेला पोळी-भाजी केंद्र आहे. एक गाळा, मी आणि हाताखाली दोघी. दिवसाला साडेतीनशे-चारशे पोळ्या, दोन भाज्या, एक आमटी, शनिवारी आगाऊ सांगितलं तर पुरणपोळ्या. अकरा वर्षांत मीठ कमी-जास्त झाल्याच्या कुरबुरी सोडल्या तर तक्रार नाही. गेल्या मंगळवारी एका जुन्या गिऱ्हाइकाने फोटो पाठवला. मोडलेल्या पोळीच्या पदरात अडकलेला लांब केस. खाली एवढंच, ‘ताई, बघा जरा.’ चार शब्द सुनावले असते तरी परवडलं असतं. माझ्याकडच्या एकीचे केस कुरळे, दुसरीचे खांद्यापर्यंत. हा सरळ आणि हातभर. म्हणजे मालकिणीचाच.

रुमाल बांधते हो मी, कपाळापासून मानेपर्यंत. पण संक्रांतीपासून केस असे सुटलेत की रुमाल तरी कुठे कुठे पुरणार. रविवारी न्हायले की पूर्वी सुपारीएवढं गुंतवळ निघायचं, आता मोसंबीएवढं निघतं. मोरीची जाळी आठवड्यात दोनदा तुंबते. प्रत्येक केसाच्या टोकाला पांढरा ठिपका आहे, म्हणजे मुळासकटच उपटून येतोय ना?

शिवाय नखं. अंगठ्याची नखं मध्ये बसलीत, परवा हात धुतल्यावर पाहिलं तर पाण्याचा थेंब बशीत राहावा तसा नखावर राहिला. टोकाला पापुद्रे सुटतात. आणि दहाही नखांवर आडवी खाच आहे, सगळ्यांवर साधारण सारख्याच अंतरावर, कोणी पट्टीने आखल्यासारखी.

मागचं थोडं सांगते. नवरात्रात नऊ दिवस उपास केले, साबुदाणा, भगर आणि चहा. कोजागिरीच्या सुमारास डेंग्यू झाला. प्लेटलेट ४२ हजारांवर आल्या, चार दिवस ॲडमिट होते. सहा किलो वजन गेलं. घरी आल्यावर आठवड्यात फराळाच्या ऑर्डरी घेतल्या, त्या कशा सोडणार.

आत्तापर्यंत केलेले उद्योग : कांद्याचा रस लावला (फोडणीचा वास कमी पडतो म्हणून की काय), नणंदेने बायोटिनच्या (ब गटातलं एक जीवनसत्त्व) गोळ्या दिल्या त्या तीन आठवडे खाल्ल्या, भाच्याने ‘केस-त्वचा-नखं’ असं लिहिलेली कॅप्सुलची बाटली आणून दिली ती कालपासून सुरू केली. आमचे हे म्हणतात की तुझ्यात लोह भरपूर आहे, उगाच डोकं खाऊ नकोस. कारण हॉस्पिटलच्या कागदात फेरिटिन १,१४० आलंय आणि तिथे १५० पर्यंत नॉर्मल लिहिलंय.

विचारायचं ते असं. हे सगळं खाण्यापिण्यामुळे की तापामुळे? काय खाऊ? आणि थांबणार आहे का हे?

—

चंपी, ठाणे

ताई अजिबात घाबरू नका. रोज सकाळी बीट-गाजराचा रस घ्या, रक्त वाढलं की केस आपोआप थांबतात. कांदा सोडू नका, कांद्याने मला पंधरा दिवसांत फरक पडला. बायोटिनही चालू ठेवा, माझी तिसरी बाटली चालू आहे.

—

नखरेल, नाशिक

मी पार्लर चालवते. दिवसाला पंधरा-वीस हात माझ्या हातात येतात, म्हणून नखांपुरतं बोलते. डॉक्टर नाही हे आधीच सांगते.

लाटणंवाली ताई, तुमच्या एकाच बोटावर तीन वेगळ्या गोष्टी चालल्यात आणि तुम्ही तिन्हींची एकच भाजी करताय.

पापुद्रे सुटतात ते बहुतेक पाण्याने. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं, दिवसातून चाळीस वेळा. भांडी घासणाऱ्या, कणीक मळणाऱ्या, कपडे धुणाऱ्या बायकांची नखं मी लांबून ओळखते. त्याला गोळी नाही. भांड्यांना रबरी हातमोजा घाला, आत सुती पातळ मोजा घाला म्हणजे घामाने आणखी बिघडणार नाही, आणि रात्री खोबरेल नाहीतर व्हॅसलीन नखांच्या कडेला जिरवा. कडेची कातडी कापू नका. तीच पाणी अडवते, ती गेली की नखुरडं झालंच म्हणून समजा.

आडवी खाच म्हणजे तुमचा डेंग्यू. मोठा ताप आला की शरीर नख वाढवायचं काम काही दिवस जवळपास बंद ठेवतं. नंतर काम सुरू होतं, पण मधली खूण राहते. या खाचांना ज्या फ्रेंच डॉक्टरचं नाव आहे त्या बो यांनी त्या १८४६ मध्ये लिहून ठेवल्या होत्या. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं. पट्टी घ्या, नखाच्या बुडापासून खाचेपर्यंत मोजा आणि तीनने भागा. मी गिऱ्हाइकांना असंच विचारते, ‘तीन महिन्यांपूर्वी आजारी होतात का हो?’ त्यांना वाटतं मी हात बघते.

तिसरं ते थेंबाचं. ते मात्र हसण्यावारी नेऊ नका. चमच्यासारखं खोल नख मला दिसलं की मी नेलपॉलिश बाजूला ठेवते आणि आधी रक्त तपासून या म्हणते. बरेचदा लोह कमी निघतं.

(आणि जाता जाता : नखावर पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी, हे जे घरोघरी सांगतात ना, ते बहुधा दारात बोट चेंगरलेलं असतं किंवा कुठेतरी ठेचलेलं. आपल्याला आठवतही नाही.)

—

काचपट्टी, सांगली

लॅबमध्ये बावीस वर्षं आहे. फेरिटिनचा आकडा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

ताई, १,१४० हा तुमच्या लोहाचा आकडा नव्हे, तुमच्या तापाचा आहे. फेरिटिन म्हणजे शरीरातली लोहाची कोठी, हे बरोबर. पण अंगात ताप, सूज, जंतुसंसर्ग असला की तेच फेरिटिन उसळी मारतं. डेंग्यूत तर हजारांच्या पुढे सहज जातं. त्या दिवसांत कोठी रिकामी असली तरी कागदावर भरलेली दिसते. घरच्यांना एवढंच सांगा : पूर आलेला असताना विहिरीचं पाणी मोजून चालत नाही. पूर ओसरला की मोजायचं. आता तीन महिने झालेत, आता करा. सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन सकाळी एकदम द्या. टीएसएचही करा, थायरॉइडनंही केस जातात.

पण त्याआधी ते बायोटिन बंद करा. कमीत कमी दोन-तीन दिवस, मोठा डोस असेल तर आठवडाभर बरं. थायरॉइडच्या बऱ्याच तपासण्यांत बायोटिनचाच वापर करून मोजमाप होतं. रक्तात जास्तीचं बायोटिन फिरत असेल तर टीएसएच खोटंच कमी दिसतं आणि टी-३, टी-४ ही थायरॉइडची संप्रेरकं खोटीच जास्त. माणूस ठणठणीत, आणि कागद म्हणतो थायरॉइड वाढलंय. हार्ट अटॅकच्या ट्रोपोनिन तपासणीतही गोंधळ होतो, तिथं तर अटॅक आलेला असून कागद ‘नाही’ म्हणू शकतो. अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएनं २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता. आमच्याकडं एक बाई तीन वेळा थायरॉइड करून गेल्या, दर वेळी वेगळा आकडा. चौथ्या वेळी पर्समधून गोळ्यांची बाटली निघाली.

आणि हिशेब बघा. मोठ्या माणसाला दिवसाला बायोटिन लागतं ३०-४० मायक्रोग्रॅम. बाटलीवर असतात ५ हजार नाहीतर १० हजार. चांगलं खाणाऱ्या माणसात बायोटिनची कमतरता क्वचितच असते. कच्ची अंडी रोज पिणारे पैलवान असले तर गोष्ट वेगळी, कच्च्या पांढऱ्यातलं एक प्रथिन बायोटिन अडवून धरतं. उकडलं की ती भानगड संपते.

चंपी, राग मानू नका. पंधरा दिवसांत कांद्यानं फरक पडला म्हणजे केस थांबायच्याच बेतात होते, कांदा वेळेवर पोचला. बीट लाल असतं ते त्याच्या रंगामुळं, लोहामुळं नव्हे. त्यात लोह फार नसतं.

—

लाटणंवाली, डोंबिवली

मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी आणली आणि नख मोजलं. उजव्या अंगठ्याची खाच बुडापासून ९ मिमीवर. तीन त्रिक नऊ. डेंग्यूची तारीख माझ्या अंगठ्यावर लिहिलेली आहे आणि मी ती रोज कणकेत बुडवत होते.

पण मग केस तीन महिन्यांनी का? ताप होता तेव्हा एक केस गेला नाही. तेव्हा गेले असते तर समजलं तरी असतं.

—

काचपट्टी, सांगली

केसाची चाल तशीच आहे ताई. डोक्यावर लाखभर केस असतात. त्यातले दहातले नऊ वाढत असतात आणि एखादा विश्रांतीला गेलेला असतो. विश्रांती साधारण तीन महिन्यांची, मग तो गळतो आणि खालून नवा येतो. म्हणून रोज ५०-१०० केस गेले तरी ते चालतं. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, एकदम वजन उतरणं, असा दणका बसला की वाढणारे पुष्कळ केस एका दमात विश्रांतीला जातात. ते एका दमातच गळणार, तीन महिन्यांनी. तुम्ही संक्रांतीला बघताय ते कोजागिरीचं आहे. करोनाच्या वेळी आमच्या लॅबमध्ये हीच रांग होती. सगळ्यांना वाटायचं शाम्पू बदलला म्हणून झालं.

पांढरा ठिपका म्हणजे मूळ नव्हे. विश्रांती संपवून आलेल्या केसाचं ते सुकलेलं टोक. मूळ कातडीत जागेवर आहे. तापामुळं गेलेले असे केस बहुतेकांचे सहा महिन्यांत आवरतात.

पण कोठी रिकामी असेल तर आवरायला वेळ लागतो. म्हणून फेरिटिन.

—

सोलापूरची काकू

मी सगळं वाचलं. एवढ्या जणांनी एवढं सांगितलं, पण एक साधी गोष्ट कोणी विचारली नाही. दादालोकांना सुचली नसेल, नखरेलबाई तुला तरी सुचायला हवी होती.

लाटणंवाली, पाळी कशी आहे तुझी? किती दिवस जातं, किती जातं, गाठी पडतात का?

आणि दुसरं, तू स्वतः जेवतेस काय नि किती वाजता? लोकांना काय वाढतेस ते नको सांगूस.

माझं वय ६८. साठीला माझी बोटांची पेरं काळी पडली. सगळ्या सांध्यांवर, जणू कोळशाला हात लावलाय. मी महिनाभर लिंबाची साल नि दुधाची साय घासली. सुनेला वाटलं उन्हाने झालं. पायाला मुंग्या यायच्या, तिखट खाल्लं की जीभ पेटायची, तेही कोणाला सांगितलं नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी हात बघितला आणि नखांकडे न बघता पेरांकडेच बघत राहिल्या. बी-१२ निघालं ९८, म्हणजे फारच कमी. आम्ही शुद्ध शाकाहारी, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन दहा वर्षं आणि ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी. त्या दोन्हींनी बी-१२ अंगी लागत नाही. इंजेक्शनं घेतली. तीन-चार महिन्यांत हात माझे मला ओळखू आले. सांगायचं म्हणजे अंगावर दिसतं एकीकडे नि दुखणं असतं भलतीकडे. साय चोपडून ते बरं होत नाही.

उत्तर दे. लाजू नकोस, इथे कोणी तुला ओळखत नाही.

—

लाटणंवाली, डोंबिवली

काकू, तुमचं वाचून थोडा वेळ फोन उलटा ठेवला होता.

पाळी सात दिवस. पहिले तीन दिवस दीड-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, गाठी पडतात. तीन-चार वर्षं असंच आहे. मला वाटायचं चाळिशीत होतं असं. आईचंही असंच होतं, मग तिची पिशवी काढली.

जेवण. साडेचारला उठते. चहा, दोन बिस्किटं. सहाला दुसरा चहा, कारण तवा तापतो तोवर हात रिकामा असतो. नऊला तिसरा. बारा ते दोन डब्यांची गर्दी. साडेतीनला जेवते. दोन पोळ्या, बहुतेक फुगल्या नाहीत म्हणून बाजूला टाकलेल्या, आणि कढईला खाली लागलेला रस्सा. भाजी संपलेलीच असते, संपली नाही तर धंदा कसला. मग चहा. रात्री भात. बुधवारी-रविवारी घरी मासे असतात. सुरमईचे मधले तुकडे मुलाला आणि ह्यांना, माझ्या वाट्याला शेपटी. मला शेपटी आवडते असं मी इतकी वर्षं सांगत आलेय की आता तेही विचारत नाहीत.

चारशे पोळ्या करणारी बाई फुसकी पोळी खाते. लिहिल्यावर कळलं.

—

सोलापूरची काकू

बरं. आता रडू नकोस, कामाला लाग.

स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, याच आठवड्यात. टाकीला खाली भोक असेल तर वरून कितीही पाणी ओत.

चहा जेवणाबरोबर नि जेवणावर घेऊ नकोस. मध्ये तासाभराचं अंतर ठेव. चहातलं तुरट द्रव्य लोह अडवतं. मोड आलेली मटकी, मूग, राजगिऱ्याची पालेभाजी, अळू, शेवग्याचा पाला, तीळ, कारळ्याची चटणी, हे तुझ्या केंद्रात रोज कशात ना कशात असेलच. त्यावर लिंबू पीळ. भाजीपाल्यातलं लोह आडमुठं असतं, आंबटाशिवाय आत शिरत नाही. मोड आणले की जास्त मिळतं. हळिवाचा लाडू बाळंतिणीलाच द्यायचा असा कायदा नाही. आणि मासे खाणाऱ्या घरातली आहेस तर मधला तुकडा घे. महिन्यातून दोनदा कलेजी आण. मी खात नाही, पण त्यातलं लोह लवकर लागतं हे मलाही माहीत आहे.

गुळाच्या खड्यावर मात्र भरवसा ठेवू नकोस. आमच्या आईचाही होता.

—

वऱ्हाडी गोटा, खामगाव

राजेहो, ताईनं त्या ‘केस-त्वचा-नखं’ बाटलीचं लिहिलं म्हणून बोलतो. ताई, बाटलीच्या मागं बारीक अक्षरात सेलेनियम हे खनिज किती आहे ते पाहा.

आमच्या बाजूला शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ पासून काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. आम्ही जवळून पाहिलं. डोकं खाजायचं, केस ओढला की हातात यायचा, तीन-चार दिवसांत टक्कल. लेकरं, बाया, म्हातारे, कोणी सुटलं नाही. आसपासच्या १८ गावांत २७९ लोकांची नोंद झाली. कोणी पाण्यावर संशय घेतला, कोणी शाम्पूवर. टँकर आले, आयसीएमआरची पथकं आली, डोक्याच्या कातडीचे नमुने गेले. जावळ काढल्यासारख्या डोक्याच्या पोरी पदर कपाळापर्यंत ओढून बसायच्या. बाहेरगावचे लोक त्या गावात चहा घ्यायला भ्यायचे. ठरलेली लग्नं अडली म्हणतात.

मग महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, विंचवाच्या विषावर काम केलेले, ते आले. त्यांनी रक्त, लघवी, केस तपासून मांडलं की लोकांच्या अंगात सेलेनियम कैकपटीनं वाढलंय आणि झिंक कमी आहे. बोट ठेवलं बाहेरून आलेल्या रेशनच्या गव्हावर. सेलेनियम ज्या मातीत जास्त, त्या मातीतल्या गव्हात ते उतरतं. पुढं काही जणांची नखंही खराब झाली, सुटून आली. बऱ्याच जणांचे केस नंतर परत आले, तेवढं समाधान.

म्हणजे पाहा, सेलेनियम शरीराला लागतं, पण चिमटीच्याही चिमटीएवढं. जास्त झालं की ज्या केसांसाठी गोळी घेतो तेच केस जातात. एका बाटलीनं काही होणार नाही, पण गोळी एकीकडून, कॅप्सूल दुसरीकडून, पावडर तिसरीकडून असं घेत गेलं की बेरीज कोणी करत नाही. ‘अ’ जीवनसत्त्वाचंही तेच, जास्त झालं की केस गळतात. आमच्या गावांनी ती बेरीज रोजच्या पोळीतून पाहिली.

—

लाटणंवाली, डोंबिवली (गुढीपाडव्यानंतर)

कळवायला उशीर झाला, पाडव्याच्या श्रीखंड-पुरीच्या ऑर्डरी होत्या.

बाटल्या दोन्ही बंद केल्या. आठ दिवस थांबून रक्त दिलं. हिमोग्लोबिन ९.२. फेरिटिन ७. हजाराच्या वरून सातावर! ह्यांच्यापुढे दोन्ही कागद ठेवले आणि पूर-विहिरीचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या रविवारी सुरमईचा मधला तुकडा माझ्या ताटात होता. कोणी ठेवला ते विचारलं नाही. टीएसएच नॉर्मल.

सोनोग्राफीत गर्भाशयात ३ सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाल्या, घाबरायचं कारण नाही, सध्या औषधाने रक्तस्राव आवरू. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, आणि फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे कोठी रिकामीच. चार वर्षं गळत होतं, डेंग्यूने फक्त दार ढकललं. लोहाची गोळी दिवसाआड दिलीय, कारण रोज घेतली तर मळमळायचं. शौचाला काळी होते हे त्यांनी आधी सांगितलं म्हणून बरं, नाहीतर मी पुन्हा इथे येऊन बोंब मारली असती.

गोळी सकाळी लिंबू-पाण्याबरोबर घेते. साडेचारचा चहा आता साडेपाचला. पहिला आठवडा डोकं ठणकलं. हाताखालच्या दोघींनाही चहा उशिरा मिळाला, त्या माझ्यावर चिडून होत्या. मग दोघींचंही रक्त तपासून आणलं. एकीचं हिमोग्लोबिन ८.८. ती तर माझ्यापेक्षा लहान, तीस वर्षांची. आता साडेअकराला, गर्दीच्या आधी, आम्ही तिघी बसून जेवतो. बसून हं. एक वाडगा उसळ, एकेक उकडलेलं अंडं आणि गरम पोळी, फुगलेली. गिऱ्हाईक आलं तर थांबतं पाच मिनिटं. थांबतात लोक. मला माहीतच नव्हतं.

एक प्रयोग फसला तोही सांगते. लोखंडी कढईत आंबट शिजवलं की लोह उतरतं असं वाचून चिंच-गुळाची आमटी लोखंडी कढईत केली. काळी झाली. तीन डबे परत. आता ती कढई फक्त आमच्या तिघींच्या उसळीला.

केस? अजून जातात, पण मोसंबीचं लिंबू झालंय.

—

नखरेल, नाशिक

थेंब अजून राहतो का नखावर?

—

लाटणंवाली, डोंबिवली

अंगठ्यावर राहतो. पण बुडाकडून नवीन नख येतंय ते सपाट दिसतंय. दिव्याखाली तिरपं धरलं की फरक कळतो. अर्धं नख जुनं, अर्धं नवं.

—

चंपी, ठाणे

मी पण फेरिटिन केलं. ११ आलं. बायोटिनची तिसरी बाटली अर्धी शिल्लक आहे, कोणाला हवी असेल तर सांगा. (नको सांगू.)

—

लाटणंवाली, डोंबिवली (मे अखेर)

हिमोग्लोबिन ११.६, फेरिटिन २४. डॉक्टर म्हणाल्या, आकडा बारावर गेला तरी गोळी तीन महिने चालू ठेवायची, कोठी भरायची असते. पाळी पाच दिवसांवर आलीय.

ते फोटो पाठवणारे काका अजून डबा नेतात. मी त्या महिन्याचे पैसे घेत नव्हते, तर त्यांनी पाकीट गल्ल्यावर ठेवलं आणि म्हणाले, ‘माझ्या मिसेसचेही असेच जायचे.’ बाकी काही बोलले नाहीत. ‘जायचे’ म्हणाले एवढंच कानात राहिलं.

आता नवीनच पंचाईत. कपाळाच्या कडेने पेरभर लांबीचे नवे केस उभे राहिलेत. तेलाने बसत नाहीत, रुमालातून डोकावतात. लेक म्हणतो, आई तुला वीज लागलीय. रुमालाखाली घालायला जाळीच्या टोप्या आणल्या, तिघींना तीन-तीन.

काल रात्री गाळा धुऊन झाल्यावर पेपर पसरून नखं कापली. उजव्या अंगठ्याची खाच पार टोकाला आली होती, नेलकटरच्या एका दाबात सुटली. तो तुकडा उचलून बल्बखाली धरला. खाच स्पष्ट दिसत होती, बोटाला लागतही होती. मग पेपर गुंडाळला आणि कचऱ्यात टाकला. मुगाला मोड यायला ठेवायचे राहिले होते, ते भिजवले आणि दिवा मालवला.